गणिताचा गृहपाठ अडला तर: बीजगणित, त्रिकोणमिती आणि सांख्यिकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गृहपाठात अडलेली मुलं येतात तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: 'काहीच समजत नाही.' वही उघडून पाहिली की चित्र निराळं दिसतं. पाच-सहा ओळी बरोबर असतात, मग एका ओळीत काहीतरी घसरतं आणि तिथून पुढे सगळंच वाहवत जातं. ती ओळ शोधून देणं म्हणजे मदत, असं मी मानतो. पुढची उत्तरं त्याच समजुतीने लिहिली आहेत. बहुतेक विद्यार्थ्यांसाठी आहेत, एक पालकांसाठी आहे.

मदत नेमकी कधी मागायची? लगेच मागितली तर आळस वाटतो, थांबलो तर रात्र उलटून जाते.

प्रश्नातल्या एखाद्या शब्दाचाच अर्थ ठाऊक नसेल तर एक मिनिटही थांबू नका. 'अवनत कोन' किंवा 'सहगुणक' म्हणजे काय हे कितीही डोकं खाजवलं तरी आतून उगवत नाही. ते पुस्तकात पाहायचं किंवा विचारायचं.

शब्द कळले आहेत पण वाट दिसत नाही, असं असेल तर पंधरा-वीस मिनिटं झटापट करा. दिलेलं काय आहे आणि काढायचं काय आहे हे दोन ओळींत लिहा, जमेल तिथे आकृती काढा आणि चुकीचा का होईना, एक प्रयत्न कागदावर उतरवा. कोरं पान घेऊन गेलात तर समोरचा माणूस स्वतःच्या पद्धतीने गणित सोडवून दाखवेल. तुमचा विचार कुठे अडला ते त्यालाही कळणार नाही आणि तुम्हालाही नाही.

प्रश्न विचारायचा कसा? 'हे येत नाही' याहून वेगळं काय सांगणार?

'अकरावं गणित येत नाही' या वाक्यातून मदत करणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी असं सांगून पाहा: 'क्ष² − ७क्ष + ११ = ० चे अवयव पाडत होतो. गुणाकार ११ आणि बेरीज −७ येईल अशा दोन संख्या सापडल्या नाहीत. माझं काही चुकतंय की इथे दुसरी रीत लागते?' असा प्रश्न लिहिता लिहिताच निम्म्या वेळा उत्तर सुचतं. (इथे तुमचं काही चुकलेलं नाही. अक्ष² + बक्ष + क = ० चा विवेचक म्हणजे ब² − ४अक, तो इथे ४९ − ४४ = ५ येतो, पूर्ण वर्ग नाही, म्हणून पूर्णांकांत अवयव पडत नाहीत. वर्गसमीकरणाचं सूत्र वापरायचं.)

फोटो पाठवणार असाल तर छापील प्रश्नासोबत स्वतःच्या कच्च्या कामाचाही पाठवा, खोडलेल्या ओळींसकट. त्या खोडलेल्या ओळीच सर्वात बोलक्या असतात.

सोडवलेलं गणित वाचताना सगळं समजतं, पण परीक्षेत हात चालत नाही. असं का होतं?

कारण वाचताना पुढची पायरी समोर छापलेली असते आणि ती योग्य आहे एवढंच तुम्ही ओळखत असता. परीक्षेत ती पायरी तुम्हाला सुचावी लागते. ही दोन कामं वेगळी आहेत.

म्हणून कोणी समजावून दिलं की ते पान झाका, कोरा कागद घ्या आणि तेच गणित पहिल्या ओळीपासून स्वतः उतरवा. जिथे हात थांबेल तिथे फक्त एक ओळ उघडून पाहा, पुन्हा झाका. दुसऱ्या दिवशी आकडे बदलून तेच करा. याला वेळ लागतो हे मान्य आहे. पण दहा गणितं उतरवून घेण्यापेक्षा तीन गणितं अशी केलेली मी कधीही पसंत करेन.

कंस सोडवताना चिन्हं सतत चुकतात. काय करू?

बीजगणितात सर्वात जास्त गुण इथे जातात, म्हणून जरा थांबून पाहू. समीकरण घ्या: ३ − २(क्ष − ४) = ५.

पुष्कळ जण पुढची ओळ ३ − २क्ष − ८ = ५ अशी लिहितात आणि क्ष = −५ काढतात. बरोबर ओळ ३ − २क्ष + ८ = ५ ही आहे, म्हणजे ११ − २क्ष = ५ आणि क्ष = ३.

'वजा गुणिले वजा अधिक' हे पाठ असूनही चूक होते, कारण तो नियम नुसता मंत्र म्हणून लक्षात राहिलेला असतो. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली धन आणि ऋण संख्यांचे नियम मांडले, त्यांचे हे शब्दच किती उपयोगी आहेत पाहा. धन म्हणजे जवळची रक्कम, ऋण म्हणजे कर्ज. कंसात क्ष रुपये आहेत आणि ४ रुपयांचं कर्ज आहे. अशी दोन गाठोडी तुमच्याकडून काढून घेतली. रक्कम गेली २क्ष, पण कर्जही गेलं ८. कर्ज गेलं म्हणजे तेवढे तुम्ही वर आलात, म्हणून +८.

आणि ताळा करा. क्ष = −५ मूळ समीकरणात घातला तर ३ − २(−९) = २१ येतं, ५ नाही. क्ष = ३ घातला तर ३ − २(−१) असं लिहून शांतपणे ३ + २ = ५ पर्यंत पोचा. समीकरणाचं उत्तर बरोबर आहे का, हे कोणालाही विचारायची गरज नसते. समीकरण स्वतःच सांगतं.

(अ + ब)² म्हणजे अ² + ब² का नाही?

संख्या घालून पाहा. अ = ३, ब = ५ घेतले तर (३ + ५)² = ६४ आणि ९ + २५ = ३४. राहिलेले ३० म्हणजे २ × ३ × ५. चौरस काढून त्याची बाजू ३ आणि ५ अशी तोडली की ३ × ५ चे दोन आयत डोळ्यांना दिसतात.

हीच युक्ती सगळीकडे चालते. (क्ष + ६)/६ मधले दोन्ही ६ खोडावेत का? क्ष = १२ घ्या. खरं उत्तर ३ आहे, खोडून उरतं १२. म्हणजे खोडता येत नाही. एखादा नियम खरा की मनाने रचलेला, अशी शंका आली की साधे आकडे घाला. आकडे जुळले म्हणून नियम सिद्ध होत नाही, पण एकदा जरी फिसकटले तरी तो नक्की खोटा.

शाब्दिक उदाहरणांत समीकरणच मांडता येत नाही.

तक्ता करा. 'वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट आहे, १२ वर्षांनी ते दुप्पट होईल.' आजच्या रकान्यात क्ष आणि ३क्ष, बारा वर्षांनंतरच्या रकान्यात क्ष + १२ आणि ३क्ष + १२. समीकरण दुसऱ्या रकान्यावरून: ३क्ष + १२ = २(क्ष + १२). मुलगा १२ वर्षांचा, वडील ३६ वर्षांचे, आणि बारा वर्षांनी २४ व ४८.

तक्ता न करता घाई केली की १२ फक्त वडिलांच्या वयात मिळवले जातात: ३क्ष + १२ = २क्ष, म्हणून क्ष = −१२. वय उणे आलं म्हणजे मांडणी तपासा, आकडेमोड नव्हे.

वर्गसमीकरणाला कोणती रीत वापरायची? आणि त्या सूत्रात ४ कुठून येतो?

आधी विवेचक काढा. तो पूर्ण वर्ग असेल आणि सहगुणक पूर्णांक असतील तर अवयव पडतात, नाहीतर सरळ सूत्र. एका सापळ्यापासून जपा: क्ष² = ५क्ष दिसलं की दोन्ही बाजूंना क्ष ने भागायचा मोह होतो. भागलंत तर क्ष = ५ मिळेल आणि क्ष = ० हे दुसरं उत्तर गायब होईल. सगळं एका बाजूला आणा आणि क्ष(क्ष − ५) = ० असं लिहा.

आता तो ४. ही रीत श्रीधराचार्यांची, आणि बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ती त्यांच्या नावानिशी नोंदवली आहे. अक्ष² + बक्ष + क = ० या समीकरणाला दोन्हीकडे ४अ ने गुणायचं: ४अ²क्ष² + ४अबक्ष + ४अक = ०. मग दोन्हीकडे ब² मिळवून ४अक पलीकडे न्यायचं. डावीकडे (२अक्ष + ब)² तयार होतो आणि उजवीकडे ब² − ४अक. वर्गमूळ घेतलं की सूत्र हातात. मध्ये कुठेही अपूर्णांक येत नाही. वर्ग पूर्ण करण्याची नेहमीची रीत अपूर्णांकांमुळे नकोशी वाटत असेल तर ही एकदा स्वतः करून पाहा. मला अजूनही ती फार सुंदर वाटते.

उत्तर बरोबर असूनही पायऱ्यांचे गुण का कापले जातात?

बहुतेकदा बरोबरच्या (=) चिन्हामुळे. '३ + ४ = ७ × २ = १४' असं लिहिलं जातं. लिहिणाऱ्याच्या मनात 'आणि मग' असतं, पण कागदावर ७ आणि १४ समान ठरतात. हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली वापरलं. दोन समांतर सारख्या रेषा घेतल्या, कारण त्यांहून सारख्या दोन गोष्टी त्यांना सुचेनात. ते चिन्ह लिहिताना दरवेळी दोन्ही बाजू खरंच सारख्या आहेत का ते बघा. एका ओळीत एकच बदल करायची सवय लागली की तपासणाऱ्यालाही वाचता येतं आणि तुमची चूक तुम्हालाही सापडते.

त्रिकोणमितीतली कोष्टकं पाठ करावीच लागतात का?

पाठ असली तर वेग येतो. पण विसरली तर अर्ध्या मिनिटात पुन्हा काढता आली पाहिजेत. बाजू २ असलेला समभुज त्रिकोण काढा आणि मधून उभा लंब टाका. अर्ध्या त्रिकोणाच्या बाजू १, √३ आणि २. त्यावरून साइन ३०° = १/२, साइन ६०° = √३/२. दोन भुजा १ आणि १ असलेल्या काटकोन त्रिकोणात कर्ण √२, तिथून ४५° ची सगळी गुणोत्तरं. याच किमती ओळीने मांडल्या तर ०°, ३०°, ४५°, ६०°, ९०° ला साइन √०/२, √१/२, √२/२, √३/२, √४/२ अशा येतात. कोसाइनची ओळ हीच, उलट दिशेने.

'समोरची' आणि 'लगतची' बाजू कोनाप्रमाणे बदलते, हे मात्र आकृतीवर दरवेळी खूण करूनच ठरवा.

काटकोन त्रिकोणात १२०° चा कोन बसतच नाही. मग साइन १२०° ला अर्थ काय?

हा प्रश्न ज्याला पडतो त्याचं मला कौतुक वाटतं, कारण पुष्कळ जण तो गिळून पुढे जातात.

साइन ही मुळात वर्तुळातली गोष्ट आहे, त्रिकोणात ती नंतर भेटते. आर्यभटांच्या ४९९ सालच्या ग्रंथात 'ज्या'चे तक्ते आहेत. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य आणि जीवा ही त्याची दोरी. गणितात तिचा अर्धा भाग वापरला गेला. हा शब्द अरबीत गेला, तिथे त्याचं वाचन बदललं आणि तो 'घडी, खळगा' अशा अर्थाचा शब्द समजला गेला. लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा 'सायनस' शब्द आला आणि आजचा साइन त्यातूनच निघाला.

आता त्रिज्या १ असलेलं वर्तुळ काढा. उजवीकडून सुरू करून घड्याळाच्या उलट दिशेने १२०° फिरा. तिथल्या बिंदूची आडव्या अक्षापासूनची उंची म्हणजे साइन, आडवं अंतर म्हणजे कोसाइन. उंची ६०° ला होती तेवढीच, √३/२. आडवं अंतर डावीकडे गेलं, म्हणून −१/२. कोणत्या चरणात कोणतं गुणोत्तर धन, हे पाठ करायची गरज या चित्रापुढे उरत नाही.

कॅल्क्युलेटर साइन ३० ची किंमत उणे दाखवतो. बिघडलाय का?

नाही, तो रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात आहे. ३० रेडियनचं साइन सुमारे −०.९८८ असतं. डिग्रीवर आणा, ०.५ दिसेल. परीक्षेला बसल्यावर पहिलं काम साइन ३० दाबून पाहण्याचं.

नित्यसमानता सिद्ध करताना कुठून सुरुवात करू?

जी बाजू जास्त गुंतागुंतीची दिसते तिथून. काही सुचत नसेल तर सगळं साइन-कोसाइनमध्ये लिहा. टॅन + कॉट = सेक × कोसेक हे दाखवायचं असेल तर डावी बाजू साइन/कोस + कोस/साइन होते. समान छेद घेतला की अंशात साइन² + कोस² येतं, ते १. उरलं १/(साइन × कोस), तीच उजवी बाजू.

समीकरण सोडवताना करतो तसं पदं इकडून तिकडे नेऊ नका. जे सिद्ध करायचं तेच खरं धरून चालल्यासारखं होतं. आणि उंची-अंतराच्या गणितांत अवनत कोन, म्हणजे वरून खाली पाहतानाचा कोन, आडव्या रेषेपासून मोजा, उभ्यापासून नाही. निरीक्षकाच्या डोळ्याची उंची दिली असेल तर शेवटी मिळवायला विसरू नका.

मध्य, मध्यक, बहुलक तिन्ही काढता येतात, पण कोणता कधी वापरायचा ते कळत नाही.

४, ५, ५, ६, ७, ८, ३५ या सात संख्या घ्या. बेरीज ७०, मध्य १०. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या, ६. बहुलक, म्हणजे सर्वाधिक वेळा आलेली संख्या, ५. सातांपैकी सहा संख्या मध्यापेक्षा लहान आहेत! एकट्या ३५ ने मध्याला स्वतःकडे ओढलं. 'सर्वसाधारण किंमत काय?' असं विचारलं तर इथे मध्यक प्रामाणिक. पण 'एकूण किती, आणि सगळ्यांत सारखं वाटलं तर प्रत्येकी किती?' याला मध्यच हवा. म्हणजे निवड आकड्यांवरही अवलंबून आहे आणि प्रश्नावरही.

आणि आकडे काढण्याआधी आलेख काढा. फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ साली चार छोटे संच प्रसिद्ध केले, प्रत्येकात ११ जोड्या. चारही संचांत क्ष चा मध्य ९, य चा सुमारे ७.५, सहसंबंध सुमारे ०.८१६. आकड्यांवरून चौघे जुळे भाऊ. आलेख काढला की एकात साधारण सरळ रेषा दिसते, दुसऱ्यात वक्र, तिसऱ्यात रेषेपासून फटकून उभा असलेला एकच बिंदू, चौथ्यात एक सोडून सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेवर. सांख्यिकी शिकणाऱ्या प्रत्येकाने हे चार आलेख एकदा स्वतःच्या हाताने काढावेत असं मला मनापासून वाटतं.

प्रमाण विचलन काढताना माझं उत्तर उत्तरसूचीशी थोडक्यात जुळत नाही.

छेदात संख्यांची एकूण संख्या घ्यायची की एक कमी, हे तपासा. १, ३, ५, ७, ९ चा मध्य ५ आणि विचलनांच्या वर्गांची बेरीज ४०. पाचने भागलं तर ८, प्रमाण विचलन सुमारे २.८३. चारने भागलं तर १०, म्हणजे सुमारे ३.१६. तुमच्याकडे सगळेच आकडे असतील तर पाच. मोठ्या समूहातून घेतलेला हा नमुना असेल तर चार, कारण नमुन्याच्या स्वतःच्या मध्यापासून मोजलेली विचलनं सरासरीने थोडी कमी भरतात आणि एक कमी केल्याने ती तूट भरून निघते. कॅल्क्युलेटरवर दोन्हींसाठी वेगळी बटणं असतात.

संभाव्यतेत 'निदान एकदा' आलं की गोंधळ होतो.

उलट बाजूने जा. फासा चारदा टाकला तर निदान एकदा सहा पडण्याची संभाव्यता ४/६ नाही. तसं असतं तर सात वेळा टाकल्यावर ती ७/६ झाली असती, आणि संभाव्यता १ च्या वर जात नाही. एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता (५/६)⁴ = ६२५/१२९६. ती १ मधून वजा करा: ६७१/१२९६, सुमारे ०.५१८.

गणित सोडवणारी ॲप किंवा एआय वापरलं तर चालेल का?

शाळेने मनाई केली असेल तर नाही, तिथे विषय संपला. परवानगी असेल तर कशासाठी वापरता यावर सगळं आहे. फोटो काढून उत्तर उतरवलं तर वही भरेल, हात मात्र तिथेच राहील. मी असं सुचवेन: स्वतःचं काम लिहून द्या आणि म्हणा, 'यातली पहिली चुकीची ओळ कोणती ते सांग, पुढचं सोडवू नकोस.' मिळालेलं उत्तर मूळ समीकरणात घालून बघा, कारण एआय चुकीची पायरीही तितक्याच ठाम सुरात लिहितं.

आलेखासाठी जिओजेब्रा आणि डेस्मॉस खरोखर उपयोगी आहेत. नित्यसमानतेच्या दोन्ही बाजूंचे आलेख काढून ते एकमेकांवर बसतात का पाहा. समीकरणातला एकेक सहगुणक सरकवून वक्र कसा हलतो ते बघत बसा, हा वेळ वाया जात नाही. धडाच पहिल्यापासून समजून घ्यायचा असेल तर खान अकॅडमीचे धडे मोफत आहेत.

आम्हा पालकांनाच हे गणित आठवत नाही. मुलांना मदत कशी करायची?

शेजारी बसा आणि विचारा: 'ही ओळ वरच्या ओळीवरून कशी आली, मला सांग.' तुम्हाला ते गणित येण्याची गरज नाही. सांगता सांगता मूल जिथे अडखळेल, तिथेच बहुधा चूक असते, आणि पुष्कळदा ती त्याची त्यालाच सापडते. पेन्सिल मात्र त्याच्याच हातात राहू द्या. 'मलाही गणित कधी जमलं नाही' हे वाक्य धीर देण्यासाठी म्हटलं जातं, पण मुलाला त्यातून सुटका मिळते. ते टाळा.

उद्या वही द्यायची आहे आणि निम्मं बाकी आहे. आता?

प्रत्येक प्रकारातलं एकेक गणित नीट करा. उरलेल्यांत जिथपर्यंत येतं तिथपर्यंत लिहा आणि अडलेल्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह घालून नेमकं काय कळलं नाही ते लिहा. दुसऱ्याची वही उतरवून भरलेल्या पानावरून शिक्षकांना काहीच कळत नाही. अशा अर्धवट पानावरून उद्या वर्गात काय शिकवायचं ते कळतं.

त्याच त्याच चुका पुन्हा होतात. त्यांची नोंद कशी ठेवू?

छोटी वही घ्या. डाव्या पानावर चुकलेली ओळ जशीच्या तशी, उजव्या पानावर बरोबर ओळ आणि एका वाक्यात कारण: 'कंसाबाहेरचं वजा दुसऱ्या पदाला लावलं नाही.' पूर्ण गणित लिहू नका, नाहीतर आठवड्यात कंटाळा येईल. महिन्याभराने चाळलीत तर चुका पन्नास नसून चार-पाच प्रकारच्याच आहेत असं दिसेल. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पुस्तकाऐवजी ही वही वाचा.